खंडेरावाला दारुडा केलं म्हणून अहिल्याबाई मोठ्या होत नाहीत

तुमचा प्रश्न असा आहे. इंदूरच्या तुमच्या हौशी मंडळीसाठी तुम्ही खंडेराव होळकर आणि अहिल्याबाई यांच्या संसारावर दोन अंकी नाटक लिहिलंय. खंडेराव रंगेल, व्यसनी. अहिल्याबाई सोशिक, तेजस्वी. वाचनाला सगळे खूश होते, पण तालीम सुरू झाल्यावर पहिल्या अंकाच्या मध्यापासून नाटक जागचं हलेना. विजोड राजविवाह रंगमंचावर उभा करायचा कसा, असं तुम्ही विचारलंत.

पाठवलेले तीनही प्रवेश वाचले. नाटक हलत नाही, कारण पाचव्या मिनिटाला निकाल लागून मोकळा झालाय. खंडेराव झोकांड्या खात येतो, ती देवघरातून निरांजन घेऊन येते. प्रेक्षकाने मनात शिक्का मारला. आता पुढचे दोन तास त्याने काय करायचं? तुम्ही पुन्हा त्याला पाजता, पुन्हा तिला रडवता. एकच प्रवेश चार वेळा, कपडे बदलून.

ही चूक मीही केलेली आहे, तीही ऐन उमेदीत. खंडेरावाचं काम करणारा मुलगा विनोदी नाटकांत तयार झालेला होता. पेला हातात घेऊन तो पायरीवर अडखळला आणि रवींद्र नाट्यगृह हसलं. ज्या प्रसंगाला बायका डोळ्यांना पदर लावतील असं मी धरून चालले होते, तिथे पोरं शिट्ट्या मारत होती. प्रयोगानंतर एक वयस्कर गृहस्थ आत आले. शाबासकी देतील वाटलं. ते म्हणाले, "बाई, एकवीस वर्षं संसार झालाय त्यांचा. एकवीस वर्षं ती काय नुसती निरांजनच घेऊन हिंडत होती?" मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन तारखा मांडल्या, आणि तेव्हा कुठे नाटक दिसायला लागलं.

तुम्हीही आधी तारखाच मांडा. खंडेरावाचा जन्म १७२३चा, अहिल्याबाईंचा १७२५चा. लग्न १७३३ साली. म्हणजे नवरा दहा वर्षांचा, नवरी आठची. आपल्या रंगभूमीला विजोड लग्न म्हटलं की म्हातारा नवरा आणि पोरसवदा मुलगी आठवते; देवलांच्या शारदेचा तो ठसा आहे, आणि त्या नाटकाचा पहिला प्रयोग १८९९ साली आपल्या इंदुरातच झाला होता. इथे ते काही नाही. वय जुळतं, जात जुळते, कुळदैवत जुळतं. चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलाची मुलगी आणि मेंढरं राखण्यातून सुभेदारीपर्यंत पोचलेल्या मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा. त्या दिवशी मांडवात बसलेली ती दोन पोरं अगदी जोडीची होती. सोयरिकीत नाव ठेवायला जागा नव्हती.

मग बिनसलं कुठे? माझं मत सांगते, पटलं तर घ्या. हे लग्न विजोड होत गेलं, आणि ते विजोड केलं मल्हाररावांनी. त्यांनी सुनेला घडवलं. लिहायला-वाचायला बसवलं, हिशेब दाखवले, फौजेच्या दाणावैरणीची, पत्रव्यवहाराची कामं सांगितली. मुलालाही सांगितली असतीलच, पण मुलगा हा बापाचा वारस असतो आणि वारसाला शिकण्याची घाई नसते. सुनेला होती. दोघांची शर्यत कुणी लावली नव्हती, तरी एकजण पुढे जात राहिला आणि दुसऱ्याला ते रोज जेवणाच्या पानावर कळत राहिलं. बायको आपल्यापेक्षा हुशार निघाली हे नवऱ्याचं दुखणं आहेच. त्याहून मोठं दुखणं म्हणजे आपल्या बापाला आपल्यापेक्षा आपली बायको जास्त भरवशाची वाटते. तुमच्या संहितेत हे एका वाक्यातही नाही. मल्हारराव येतात ते दुसऱ्या अंकात, आशीर्वाद द्यायला.

त्यांना पहिल्या प्रवेशापासून आणा. राजघराण्यातल्या लग्नात दोनच माणसं कधीच नसतात. नवरा-बायकोचे प्रवेश लिहितानाही तिसरा तिथे आहे असं धरून लिहा; तो विंगेत असेल, शेजारच्या राहुटीत खोकत असेल, त्याचं पागोटं खुंटीवर असेल.

तालमीसाठी मी एक जुळणी करते, ती देते. आकडे माझ्या मनाचे, नाटकापुरते.

मल्हारराव : पागंत घोडी किती, खंडू?
खंडेराव : असतील की तीनशे.
अहिल्या : (चिकाच्या पडद्याआडून) दोनशे एकाहत्तर, मामंजी. एकोणतीस नालबंदाकडं गेल्यात.

एवढंच. ही देवाणघेवाण नाटकात तीनदा आणा. पहिल्यांदा दोघं सोळा-अठरा वर्षांची आहेत, खंडेराव मांडीवर थाप मारून हसतो, "घ्या आबा! आमच्या घरात कारकून ठेवायची गरजच नाही." त्याला अभिमान वाटतोय, आणि तो खरा वाटला पाहिजे. दुसऱ्यांदा, काही वर्षांनी, बाप विचारतो मुलाकडे बघून पण उत्तराची वाट बघतो पडद्याकडे. खंडेरावाच्या ते लक्षात येतं, तो तोंड उघडून मिटतो. तिसऱ्यांदा मल्हारराव मुलाला विचारतच नाहीत. सरळ पडद्याकडे तोंड करतात. खंडेराव उठून जातो. कुणी कुणाला वावगं बोललेलं नाही आणि संसार मोडलाय. या तिसऱ्या वेळेला अहिल्येने उत्तर द्यायचं की गप्प राहायचं, हे तुम्हाला ठरवावं लागेल. मी दोन्ही करून बघितलंय. ती आकडा सांगते तेव्हा जास्त लागतं, कारण तिला आकडा ठाऊक आहे आणि घोड्यांना दाणा तर हवाच आहे.

त्या आधीच्या मधल्या काळात त्यांच्यात माया दाखवायला विसरू नका. मालेराव १७४५चा, मुक्ताबाई १७४८ची. दोन मुलं झालेला संसार आहे हा. तुमच्या संहितेत मुलं एकदम आठ-दहा वर्षांची होऊन येतात, जणू देवाने प्रसाद म्हणून टाकली. एक प्रवेश असा लिहा की ज्यात दोघंच आहेत आणि दोघंही मजेत आहेत. त्या काळच्या घरात वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत, नाव तर घेतच नसत. त्यामुळे दिवसा सगळं बोलणं तिसऱ्याच्या मार्फत होतं आणि रात्री अचानक समोरासमोर. हा फरक नटांच्या आवाजात आला पाहिजे. दिवसा "त्यांना म्हणावं, जेवून घ्या" असं भिंतीला सांगणारी मुलगी रात्री त्याच्या पायातला काटा काढताना त्याला चिडवते. मग पहाटे मल्हाररावांचं बोलावणं येतं. कुणाला, ते तुम्हाला कळलंच असेल.

दारूचं काय, म्हणाल. व्यसनाच्या गोष्टी परंपरेने सांगत आल्यात, त्या पुसून टाका असं मी म्हणत नाही. पण पेला रंगमंचावर एकदाच आणा. आणि तो भरलेला परत जाऊ द्या. नाच-गाण्याचा प्रवेश काढून टाका. तिथे शिट्ट्या पडतात आणि तुमचा खंडेराव प्रेक्षकांच्या हातातून जातो तो परत येत नाही. शिवाय तो नुसता गादीवर लोळणारा होता असंही नाही. जयपूरच्या गादीवरून ईश्वरीसिंह आणि माधोसिंह यांच्यात जो तंटा पेटला, १७४७-४८चा, त्यात होळकरांनी माधोसिंहाची बाजू घेतली होती आणि त्या धामधुमीत खंडेराव फौजेबरोबर होता. मेला तोही मोर्चात. घरबशा माणसाला तोफेचा गोळा लागत नाही.

आता गौतमाबाई. तुमच्याकडे त्या "सूनबाई, सहन कर" म्हणणाऱ्या सासूबाई आहेत. अहो, ही बाई वाया घालवू नका! मी पन्नाशीनंतर एका प्रयोगात त्यांचं काम केलंय आणि अहिल्याबाईंच्या कामापेक्षा त्यात मला जास्त मिळालं. त्या तळोद्याच्या भोजराज बारगळांची मुलगी, मल्हाररावांच्या मामाची. बाप मेलेला भाचा मामाकडे मेंढरं राखत वाढला आणि मामाच्याच मुलीशी त्याचं लग्न झालं. म्हणजे ज्या घरात हा विजोड संसार चाललाय, त्याच घरात एक सजोड संसार पलीकडच्या खोलीत चालू आहे. त्या जोडप्याने एकमेकांना गरिबीत पाहिलंय. मल्हाररावांना सुभेदार म्हणून न बघणारी घरात एकच बाई आहे. त्या दोघांचा नुसता एक गप्पांचा प्रवेश टाकलात, तर धाकट्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ न सांगता पोचेल.

आणि खासगी! होळकरांची कथा सांगणारे नाटककार ही गोष्ट कशी विसरतात कोण जाणे. बाजीराव पेशव्यांनी १७३४ साली, म्हणजे या मुलांच्या लग्नानंतरच्याच वर्षी, गौतमाबाईंच्या नावाने खासगी जहागीर करून दिली. सालिना सुमारे तीन लाखांची. दौलत वेगळी, खासगी वेगळी. दौलत सुभेदाराची, तिच्यातून फौज पोसायची आणि पेशव्यांना हिशेब द्यायचा. खासगी घरातल्या बाईची, तिचा दप्तरखाना निराळा, कारभारी निराळे. १७६१मध्ये गौतमाबाई गेल्या आणि खासगी अहिल्याबाईंकडे आली. पुढे काशी-गयेपासून रामेश्वरापर्यंत जी घाटं-मंदिरं-धर्मशाळा उभी राहिली, ती प्रामुख्याने या खासगीतून.

नाटकाच्या दृष्टीने बघा. या घरात पैसा आणि अधिकार वाहण्याच्या दोन नाल्या आहेत. एक बापाकडून मुलाकडे जाते, दुसरी सासूकडून सुनेकडे. दुसऱ्या नालीत खंडेराव कुठेच नाही. त्याची आई त्याला ओलांडून त्याच्या बायकोला किल्ल्या दाखवते, बाप त्याला ओलांडून तिला पत्रं दाखवतो. तो मधोमध उभा आहे आणि दोन्हीकडचं पाणी त्याला वळसा घालून जातंय. मला सांगा, अशा माणसाने काय करावं? त्याच्या हातात उरतं काय? घोडं, तलवार, पेला. तुमचा नट हे समजला की त्याला अडखळून चालावं लागणार नाही.

आणखी एक अडचण आहे, आणि ती टाळून तुम्ही नाटक सोपं करून घेतलंय. खंडेरावाला आणखी बायका होत्या. तुमच्या रंगमंचावर त्या नाहीत. राजघराण्यातला नवरा-बायकोचा कलह आजच्या फ्लॅटमधल्यासारखा लिहिला, की तो तिथल्या तिथे खोटा पडतो. सवती आणा. दोन पुरे. त्यांना खाष्ट करू नका, हेवेदावे नकोत. नुसत्या असू द्या. एक खंडेरावाच्या विनोदावर खरंच हसणारी. तिच्यासोबत असताना तो मोकळा, हजरजबाबी, देखणा दिसला पाहिजे. प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की हा माणूस वाईट नाही, हा फक्त एका बायकोसमोर लहान होतो. आणि अहिल्येलाही ते दिसतंय.

त्या सवती का हव्यात, याचं खरं कारण कुंभेर आहे. १७५४ च्या सुरुवातीला मराठ्यांनी सूरजमल जाटाच्या कुंभेरच्या किल्ल्याला वेढा घातला. मार्चमध्ये मोर्चांची पाहणी करत असताना किल्ल्यावरून आलेल्या तोफेच्या गोळ्याने खंडेराव गेला. एकतीसाव्या वर्षी. तिथून जवळ गागरसोलीला त्याची छत्री, म्हणजे स्मारक आहे. मल्हाररावांनी त्या दुःखात सूरजमलाचं शिर घेण्याची आणि कुंभेरची माती यमुनेत टाकण्याची प्रतिज्ञा केल्याचं सांगतात; पुढे तह झाला आणि माती जागच्या जागी राहिली. अहिल्याबाई सती जायला निघाल्या आणि सासऱ्यांनी त्यांना अडवलं, विनवलं, हा प्रसंग तुम्ही लिहिलाय आणि तो चांगला लिहिलाय. टाळ्या मिळतील.

पण खंडेरावाच्या इतर काही बायका त्या दिवशी सती गेल्या.

त्यांना मल्हाररावांनी अडवलं नाही. अडवलं ते एकीलाच. मी कैक वर्षं हा प्रसंग बघत आले, त्यात कामही केलं, आणि ही गोष्ट डोक्यात कधी नीट शिरलीच नव्हती. "तूच माझा खंडू" असं म्हातारा तिला म्हणतो तेव्हा प्रेक्षागृहात हुंदके ऐकू येतात. आणि मागे विंगेत दोन बायका मळवट भरून उभ्या आहेत, ज्यांना कुणी काहीच म्हणत नाही. त्यांना रंगमंचावर ठेवा. प्रकाशातून काढू नका. मल्हाररावांच्या मायेवर मी शंका घेत नाही. ती अस्सल होती. पण त्या मायेत एक हिशेबही होता, आणि तो पडद्याआडून सांगितलेल्या दोनशे एकाहत्तर घोड्यांपासून चालू होता. अहिल्याबाई वाचल्या त्या गुणांनी वाचल्या. ज्यांच्यात राज्याला उपयोगी गुण नव्हता, त्या गेल्या. हसणारी ती मुलगी गेली. हे प्रेक्षकाला दिसलं पाहिजे आणि अहिल्याबाईंनाही दिसलं पाहिजे. त्यानंतरचं त्यांचं गप्प राहणं मग नुसतं वैधव्य राहत नाही.

याला जोडून एक आतली गोष्ट. १७९१मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती गेल्या. आईने परोपरीने विनवलं, उपयोग झाला नाही. तुमच्या नाटकाच्या काळात ते बसत नाही, घालूही नका. पण ज्या नटीला अहिल्याबाई करायच्या आहेत तिला सांगून ठेवा.

भाषेचं जरा बोलते. अहिल्याबाईंच्या तोंडी तुम्ही सदाशिव पेठ घातलीय. ही मुलगी नगरकडच्या चौंडीची, पाटलाच्या घरची. "मज अबलेवर हा कसला प्रसंग ओढवला" हे ती म्हणणार नाही. पुन्हा नवरा-बायकोची बोली एक नाही, हेही वापरा. त्याचं जगणं खानदेश-माळव्याच्या छावण्यांतलं, त्याच्या बोलण्यात मालवी, हिंदी शब्द सहज येतील. तिच्या बोलण्यात नगरकडचा ठसका. तसंही आपल्या इंदुरी नटांच्या तोंडून "काय करून राहिले" निसटतंच, ते खंडेरावाकडे वळवून टाका, ओरडण्यापेक्षा बरं. दफ्तराची भाषा तिसरी, फारसी शब्दांनी भरलेली. अहिल्या ती शिकते. खंडेरावाला ती नुसती ऐकून कळते. आणि पल्लेदार वाक्यं कमी करा हो. टाळीसाठी थांबलेला नट मला लांबून ओळखू येतो.

नेपथ्याला तुम्ही मागे राजवाड्याचं चित्र आणि एका बाजूला महेश्वरचा घाट मांडणार आहात. दोन्ही काढा. महेश्वर राजधानी झालं ते अहिल्याबाई कारभारी झाल्यावर, खंडेरावानंतर बारा-तेरा वर्षांनी. आणि खाली दगडी, वर लाकडी असा जो सात मजली राजवाडा आपण रोज बघतो, त्याचं हे रूप खंडेरावाने बघितलंच नाही. १८०१मध्ये सर्जेराव घाटग्यांनी इंदूर जाळलं त्यानंतरची ती उभारणी आहे, आणि पुढेही त्याला आगी लागल्याच. या जोडप्याचं आयुष्य बरंचसं डेऱ्यांत आणि राहुट्यांत गेलं. छावणीचा सेट लावा. स्वस्तात होतो, टेम्पोत मावतो, आणि राहुटीची भिंत कापडाची असते: पलीकडचं सगळं ऐकू येतं. ज्या घरात नवरा-बायकोला एकांतच नाही त्याचं नाटक करायला याहून चांगली भिंत मिळणार नाही.

कपडेपटात माहेश्वरी साड्या पहिल्या अंकात नकोत. ते विणकर अहिल्याबाईंनीच पुढे महेश्वरला वसवले. आठ-दहा वर्षांच्या नवरीच्या अंगावर ते लुगडं बघून जाणकार हसतात. पांढरं वस्त्र आणि हातात पिंडी ही कॅलेंडरमधली मुद्रा शेवटपर्यंत लांब ठेवा. आपल्या गावाचा एक प्रश्नच आहे. विद्यापीठ त्यांच्या नावाचं, विमानतळ त्यांच्या नावाचा, पुतळा रोजच्या वाटेवर. बाई रंगमंचावर आल्या की पहिल्या दोन रांगा हात जोडतात. हात जोडलेल्या माणसाला नाटक दिसत नाही, दर्शन होतं. मी यावर उपाय शोधला तो लहान मुलीचा. पहिली एंट्री आठ वर्षांच्या मुलीची, हात वाळूने भरलेले, नाक वाहतंय, आणि दहा वर्षांचा नवरदेव तिच्या वाळूवर पाय देऊन पळून जातो. लोक हसतात. मग पुढे फार वेळ हात जोडत नाहीत.

नटी निवडताना देखणेपणाच्या मागे लागू नका. जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ साली मध्य हिंदुस्थानावरचा ग्रंथ छापला, बाईंना जाऊन तेव्हा तीस वर्षंही झाली नव्हती आणि त्यांना पाहिलेली माणसं हयात होती. तो लिहितो की त्या मध्यम उंचीच्या, अगदी सडपातळ आणि सावळ्या होत्या. राघोबादादांच्या आनंदीबाई स्वतः देखण्या. त्यांनी म्हणे मुद्दाम एक बाई पाठवली, ही अहिल्याबाई दिसते कशी ते बघून यायला. तिने येऊन सांगितलं, नाकीडोळी सुंदर नाहीत, पण चेहऱ्यावर दैवी तेज आहे. आनंदीबाईंना यातलं पहिलंच वाक्य ऐकायचं होतं, आणि त्यावर त्यांचं समाधान झालं. तुमच्या मंडळीतली जी मुलगी हिशेब ठेवते, चहाचे पैसे गोळा करते, तिला एकदा वाचून बघायला सांगा. खरंच सांगतेय. खंडेराव मात्र देखणा हवा.

आता एक गोष्ट जी मला करायला मिळाली नाही, तुम्ही करा. होळकरांचं कुळदैवत जेजुरीचा खंडोबा. मुलाचं नावच त्याच्यावरून. आणि खंडोबाच्या घरात काय आहे? दोन बायका. म्हाळसा वाण्याची, रीतीभातीची, मानाची. बाणाई धनगराची, जिच्यासाठी देव वेष पालटून तिच्या बापाची मेंढरं राखायला राहिला. वाघ्या-मुरळी जागरणात या दोघींचं भांडण रात्रभर रंगवतात आणि देव मधे गप्प बसलेला असतो. विजोड संसाराबद्दल आपल्या लोकांनी जे काही विचार केलेत, ते सगळे त्या गाण्यांत आहेत, आणि रडगाणं न होता आहेत. दुसरा अंक जागरणाने उघडा. दिवटी, कोटमा, भंडारा. वाघ्या म्हाळसा-बाणूचं भांडण गातोय. खंडेराव खो खो हसतोय, नाव त्याचंच आहे ना! हसणारी सवत त्याच्याजवळ. अहिल्या जरा लांब, मांडीवर मुक्ता झोपलेली. गाण्यातली प्रत्येक ओळ दोघींना वेगवेगळी ऐकू येते. संवाद एकही नको. कुंभेरच्या आधी हा प्रवेश आला, तर मघाचा सतीचा प्रसंग दुप्पट जड होईल. वाघ्या खरा मिळाला तर उत्तम. नाहीतर गाणारा नट शोधा, ध्वनिमुद्रण लावू नका.

शेवट. तुमचा शेवट राज्यारोहणाचा आहे, शंख, फुलं, "राजमाता की जय". मी तो कापेन. बाईंच्या हाती कारभार आला १७६७मध्ये, आणि तुमचं नाटक लग्नाचं आहे. लग्न कुंभेरला संपलं. पण त्याचा हिशेब अकरा वर्षांनी चुकता होतो, १७६५मध्ये. मल्हाररावांची सुनेला लिहिलेली पत्रं आहेत. त्यातल्या एकात मजकूर साधारण असा: चंबळ उतरून ग्वाल्हेरला जावं, चार-पाच दिवस मुक्काम करावा, मोठा तोफखाना तिथे ठेवून महिनाभराच्या खर्चाची तजवीज करावी, दारूगोळा होईल तितका जमवावा, वाटेवर चौक्या बसवाव्यात. सासऱ्याने विधवा सुनेला लिहिलेलं पत्र आहे हे. तोफगोळ्याने मुलगा नेला आणि तोफखाना सुनेकडे आला. पुढच्याच वर्षी, मे १७६६मध्ये, मल्हारराव आलमपूरला वारले.

हे पत्र मल्हारराव सांगताहेत आणि लेखक मोडीत उतरवून घेतोय, अशी शेवटची जागा ठेवा. मजकूर सांगताना म्हातारा मधेच विचारतो, "पागंत घोडी किती?" आणि सवयीने पडद्याकडे बघतो. पडदा रिकामा, ती तर ग्वाल्हेरच्या वाटेवर. मग तो दुसऱ्या बाजूला बघतो, जिथे पहिल्या अंकात खंडेराव बसायचा.

त्यासाठी तुमच्या खंडेरावाची बसण्याची जागा पहिल्या प्रवेशापासून एकच हवी आणि ती कुंभेरनंतर नाटकभर मोकळी हवी. तुमच्या आत्ताच्या ब्लॉकिंगमध्ये त्या जागेवर समई आहे. ती आधी हलवा.